सगळं ऑटोवर

ऑटो हा शब्द कुणी उच्चारला की माझं डोकं फिरतं. रस्त्यावर धावते ती ऑटो नव्हे, तिच्यावर माझा काही राग नाही. मी म्हणते तो ऑटो विहिरीवरच्या मोटारीला असतो. स्टार्टरच्या शेजारी बसवलेली तळहाताएवढी डबी. शेतीची लाईट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ही डबी. लाईट आली की ती मोटार आपोआप चालू करते, मग मालक घरी असो, बाजारात असो की कुणाच्या लग्नात जेवत असो. सोय म्हणून कुणी तिला नावं ठेवणार नाही. घोळ एवढाच की डबी एकट्याकडे नाही, सगळ्यांकडे आहे. लाईट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकाच दमात उठतात. मोटार उठताना चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. डीपीला ते झेपत नाही, धाडकन आवाज होतो आणि आलेली लाईट परत जाते. मग सगळे मिळून लाईनमनच्या नावानं बोटं मोडतात. स्वतःच्या डबीकडे कुणी बघत नाही.

मी विहिरीवर काम करत नाही, सर्व्हर सांभाळते. वारंगा फाट्याजवळ आमच्या भागातल्या शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची मिळून एक कंपनी आहे, तिच्या गोदामात माझी खोली आहे. पुण्यात काही वर्षं मी हेच काम केलं आणि मग गावाकडे परत आले. एका योजनेतून कंपनीला दोन मोठे सर्व्हर आणि डिस्कांची एक पेटी मिळाली होती. आमचे अध्यक्ष प्रत्येक सभेत छाती काढून सांगायचे की आपला स्वतःचा क्लाउड आहे. लोकांना वाटायचं ते कुठंतरी वर असतं. वर काही नसतं. कुणाच्या तरी खोलीत, कुणाच्या तरी वायरीवर ते जगत असतं. आमचं खताच्या पोत्यांच्या पलीकडच्या खोलीत होतं.

त्या दोन सर्व्हरांच्या पोटात आम्ही बरेच लहान लहान सर्व्हर उभे केलेले होते. त्यांना इन्स्टन्स म्हणतात. एकावर बाजारभाव, एकावर सभासदांची माहिती, एकावर डेटाबेस, असं. लाईट गेली की हे सगळे झोपतात. लाईट आल्यावर त्यांना उठवायचं तर क्रमानं उठवावं लागतं. आधी डिस्कांची पेटी, मग नेटवर्क, मग डेटाबेस आणि त्याच्या आधारावर चालणारे बाकीचे सगळ्यात शेवटी. पेटी जागी होण्याआधी इन्स्टन्स उठला तर त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही. अर्धवट उठलेल्या डेटाबेसची लाईट परत गेली तर त्याची डिस्क बिघडते. म्हणून मी सगळे इन्स्टन्स हातानं चालू करायचे, असं ठरवून ठेवलं होतं.

मी एकदा चार दिवस रजेवर गेले आणि त्यात लाईट गेली. बाजारभाव दिसेनात. अध्यक्षांनी नांदेडहून एक माणूस बोलावला आणि त्याच्याकडून सगळे इन्स्टन्स लाईट येताक्षणी आपोआप उठतील असं करून घेतलं. मी परत आल्यावर मोठ्या कौतुकानं मला सांगितलं की ताई, आता तुम्हाला तकलीफ नाही, सगळं ऑटोवर टाकलंय. मी समजावलं. यूपीएसच्या बॅटऱ्या फुगल्यात, त्या बदला, निदान सर्व्हर नीट बंद करायला वेळ तरी मिळेल, हेही सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांची मान फार छान हलते. मी मात्र त्या माणसाची करामत काढून टाकायला बसले की अध्यक्षांचा फोन यायचा की त्याला हात लावू नका, आणि मी दातओठ खात उठायची.

या सगळ्यात माझ्या जिव्हाळ्याचा एकच इन्स्टन्स होता, शेळ्यामेंढ्यांचा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आहेत. शेती थोडी, मेंढरं जास्त. आमचे लोक उन्हाळ्यात कळप घेऊन पाण्याच्या कडेनं लांब जातात आणि मागे बायका वाट बघत बसतात. म्हणून कंपनीनं कळपात पुढे चालणाऱ्या शेळीच्या गळ्यात एक पट्टा बांधायची सोय केली. पट्टा दर थोड्या वेळानं आपली जागा सर्व्हरला कळवतो आणि घरच्या मोबाईलवर नकाशात ठिपका दिसतो. माझी काकू, म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, रोज भाकरी झाल्या की चुलीसमोर बसून तो ठिपका बघायची. कुंकवाचा ठिपका बरा की हा, म्हणून मी तिची चेष्टा करायची. ती म्हणायची, हा बरा, हा कुठं हाय ते तरी सांगतो.

मे महिन्यातली गोष्ट. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. तारा तुटल्या, झाडं पडली आणि लाईट गेली ती सकाळी उशिरापर्यंत नव्हतीच. मी खोलीचं दार उघडून वारा येईल तसा घेत बसले होते. तेवढ्यात काकू आली. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चपला वेगवेगळ्या. तिच्या हातातल्या मोबाईलवर नकाशाऐवजी नुसतं चक्र गोल गोल फिरत होतं.

काका कळप घेऊन धरणाच्या मागच्या पाण्याकडे गेला होता. त्याचा जोडीदार दोन दिवसांपूर्वी घरच्या लग्नासाठी परतला, काका एकटाच राहिला. आदल्या दिवशी दुपारी फोनवर त्याचा आवाज जड येत होता, ताप आहे म्हणाला होता. त्याला बीपीच्या गोळ्या चालू होत्या आणि गोळ्या घरातच राहिल्या होत्या. वादळानंतर त्याचा फोन लागत नव्हता. माझा चुलतभाऊ, काकाचा मुलगा, जीप चालवतो. तो पहाटेच चार माणसं घेऊन गेला होता, पण काका नेहमी बसतो त्या जागी ना काका होता ना मेंढरं. वादळात कळप बुजून कुणीकडे गेला कुणाला माहीत. धरणाचा काठ म्हणजे काही गावातली गल्ली नाही.

"पोरी, ते कुठं हाय तेवढं सांग," काकू म्हणाली आणि दारात बसली.

मी तिला सांगितलं की लाईट आली की सांगते. पट्ट्याला सर्व्हर सापडला नाही तर तो जागा स्वतःजवळ साठवतो आणि पुन्हा पुन्हा पाठवायचा प्रयत्न करतो. सर्व्हर उठला की सगळं आपोआप येईल. मी अगदी धीरानं बोलत होते. मला खरंच तसं वाटत होतं.

लाईट आली. पंखा फिरला, सर्व्हरांनी घरघर सुरू केली, आणि नांदेडच्या माणसाच्या कृपेनं सगळे इन्स्टन्स एकदम उठायला लागले. पेटी अजून डोळे चोळत होती आणि हे तिच्या दारात गर्दी करून उभे. मी एकेकाला थांबवायला हात घातला, तेवढ्यात बाहेर डीपीवर धाडकन आवाज झाला आणि अंधार. लाईनमननं येऊन फ्यूज बांधला. पुन्हा तेच झालं. या दुसऱ्या दणक्यात डेटाबेसचा जीव गेला नाही, पण डिस्क बिघडली. आता ती दुरुस्त करायची तर तासभर सलग लाईट हवी होती. मध्येच गेली तर काकाचे जुने ठिपके कायमचे गेले असते आणि नवे घ्यायलाही काही उरलं नसतं.

आमचं गोदाम अध्यक्षांनी त्यांच्याच शेतात बांधून घेतलं होतं. रस्त्यालगत जागा, कंपनीला भाडं, सगळं त्यांच्या सोयीचं. म्हणून त्याची लाईन शेतीच्या डीपीवरून आली होती. आमच्या सर्व्हरांना जी वीज, तीच आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना. विहिरींवर सगळे ऑटो. आत सर्व्हरवर ऑटो. दोन्हीकडे एकच येडेपणा, आणि मध्ये माझी काकू दारात बसलेली.

जनरेटर होता की आमच्याकडे. मी मागच्या शेडमध्ये पळत गेले तर तिथं नुसते तेलाचे डाग. रखवालदाराला विचारलं. जनरेटर अध्यक्षांच्या मेव्हण्याकडे लग्नाला गेला होता. आमच्याकडे लग्नाला मागितलेल्या वस्तूला कुणी नाही म्हणत नाही. सतरंज्या द्या, पातेली द्या, माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्यावर माणसांची जागा कळते ते यंत्र तुम्ही वरातीच्या लाइटांसाठी देता, तेव्हा माझं म्हणणं आहे आणि ते मी मरेपर्यंत म्हणत राहणार आहे.

मी अध्यक्षांना फोन लावला. मागे बँड वाजत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की एकदा बंद करून चालू करून बघितलं का. मी म्हणाले, दोनदा झालंय ते, तुमच्या डीपीनंच करून दिलं. ते म्हणाले, मग जरा दम धरा ताई, संध्याकाळपर्यंत येईल जनरेटर.

"माझा चुलता उन्हात पडलाय का मेलाय ते मला संध्याकाळी सांगता का?" मी ओरडले. "तुमी काय माणसं हाव का कोण हाव?"

फोन कट झाला. त्यांनी केला की बँडमुळे झाला, मला माहीत नाही. काकू माझ्याकडे बघत होती, आणि मी हे तिच्यासमोर बोलायला नको होतं हे मला बोलून झाल्यावर कळलं.

लाईनमन डीपीखाली उभा होता. त्यानं सरळ सांगितलं की आता मी फ्यूज बांधणार नाही. अजून एक दणका बसला तर डीपी जळेल, आणि उन्हाळ्यात नवा मिळेपर्यंत सगळे बसा बोंबलत. सगळ्या मोटारींचे ऑटो काढा, मोटारी बंद करा, मग बांधतो. त्याचं बरोबर होतं. मी आधी त्याच्यावरही चिडले होते, ते मनातल्या मनात परत घेतलं.

आम्ही दोघी विहिरीविहिरीनं निघालो. ऊन असं की ढेकळांवर पाय ठरत नव्हता. पहिल्या मळ्यात केळी होती. मालक म्हणाला, मी काढतो, पण बाकीच्यांनी नाही काढला तर? लाईट आली की त्यांच्या केळीला पाणी आणि माझी वाळायची. दुसऱ्या मळ्यात ऊस. तो मालक म्हणाला, आधी केळीवाल्याला काढू द्या. तिसरा घरी नव्हता, त्याच्या बायकोनं सांगितलं की मालकाला विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. माझा आवाज चढत गेला. मी त्यांना डीपी कसा उडतो ते समजावलं, सर्व्हर समजावला, पट्टा समजावला. सगळं ऐकून केळीवाला म्हणाला की तुमचं खरंय, पण पाण्याचं काय. मला त्याच्या डोक्यात तीच डबी फोडावीशी वाटली.

काकूनं पदर खोचला. ती बांधावरून खाली उतरली आणि पलीकडच्या विहिरीकडे चालायला लागली. ती आमचीच विहीर. काकाची. स्टार्टरचं झाकण तिनं उघडलं आणि मी बघतच राहिले. आत ऑटोची डबी होती, तिच्यावरचा हिरवा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

"काकू, तुझीपण?"

"समद्यांचीच हाय, मंग आमची काहून नसंल?" ती म्हणाली. तिनं वायर हाताला गुंडाळून एक हिसका दिला. वायर तुटून आली. ती तशीच हातात धरून ती केळीवाल्याकडे परत गेली, आणि त्याच्या पायापुढे टाकली. म्हणाली, आमच्या हळदीच्या लागवडीला ठेवलेलं पाणी गेलं, जाऊ दे. आता तू काढ.

केळीवाल्यानं काढला. मग उसवाल्यानं. तिसऱ्याच्या बायकोनं नवऱ्याला न विचारता काढला. एकदा सुरू झालं की माणसं वाईट नसतात, हे मला मान्य आहे. पण सुरू व्हायला कुणाच्या तरी घरचं माणूस हरवावं लागतं, याची मला चीड येते.

शेवटची मोटार अध्यक्षांची राहिली. गोदामाच्या मागेच. तिची पेटी लोखंडी आणि तिला कुलूप. किल्ली अध्यक्षांच्या खिशात, खिसा लग्नात. आत ऑटो आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण लाईट आली की पहिला आवाज तिथूनच यायचा. केळीवाला म्हणाला की फोन करून विचारू. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मोबाईल खिशात घातला. मी विहिरीच्या काठावरचा दगड उचलला आणि कुलपावर घातला. पहिल्या घावात ते नुसतं वाकलं. मग मला कुणी थांबवू शकलं नसतं. त्या कुलपावर मी फुगलेल्या बॅटऱ्यांचा, नांदेडच्या माणसाचा, हलणाऱ्या मानेचा, सगळा राग काढला. कुलूप तुटल्यावरही मी दोन घाव जास्तच घातले.

फ्यूज बांधला गेला. लाईट आली आणि पहिल्यांदाच कुठूनही मोटारीचा आवाज आला नाही. मी खोलीत येऊन इन्स्टन्सचं आपोआप उठणं आधी बंद केलं. पेटी पूर्ण जागी होऊ दिली. डेटाबेसची डिस्क तपासायला लावली आणि पडद्यावर सरकणाऱ्या ओळी बघत बसले. बाहेर केळीवाला, उसवाला, लाईनमन सावलीत उकिडवे बसले होते, कुणाची मोटार कुणी गुपचूप चालू करू नये म्हणून एकमेकांवर नजर ठेवून. डिस्क सावरली. डेटाबेस उठवला. मग पट्ट्यांचा इन्स्टन्स. थोडा वेळ काहीच नाही. मग काकाच्या शेळीचे ठिपके एकामागून एक यायला लागले, कालच्या संध्याकाळचे, पहाटेचे, सकाळचे.

वादळात कळप काठ सोडून उलट्या बाजूला, नाल्यानं वर गेला होता. सकाळपासूनचे सगळे ठिपके एकाच जागी होते. एकावर एक, जराही न हललेले. शेळी इतका वेळ एका जागी थांबत नाही. ती चरायला निघते, पाण्याला निघते. आमच्या घरातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ती थांबली, म्हणजे माणूस थांबलेला होता.

काकूनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चुलतभावाला फोन करून नाल्याची खूण सांगितली. तो चुकीच्या काठावर, अगदी विरुद्ध बाजूला शोधत होता.

काका जिवंत सापडला. नाल्यातल्या करंजाच्या झाडाखाली, कूस वळवता येत नव्हती, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेळी त्याच्या डोक्याशी बसलेली होती. हिंगोलीला नेला, तिथून नांदेडला. डॉक्टरांनी सांगितलं की लकव्याचा झटका सकाळी येऊन गेला, लवकर आणलं असतं तर हातपाय वाचले असते. किती लवकर, ते मी विचारलं नाही. मला उत्तर माहीत होतं. सकाळी लाईट पहिल्यांदा आली तेव्हा.

अध्यक्षांनी तुटलेल्या कुलपाचा विषय काढला नाही. काकाला बघायला ते केळी घेऊन आले होते, आणि सभेत त्यांनी आपल्या क्लाउडनं एका मेंढपाळाचा जीव वाचवला असं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बाहेर गेले. जनरेटर मात्र परत आला, आणि शेडला आता माझं कुलूप आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी एक दिवस मी मळ्यांच्या वाटेनं येत होते. अर्धा रस्ता मी विहिरी बघत चालले होते. केळीवाल्याचा ऑटो परत बसला होता. उसवाल्याचाही. अध्यक्षांच्या पेटीला नवं कुलूप होतं. माझं डोकं तापत गेलं. मग आमची विहीर आली. काकू स्टार्टरपाशी वाकून उभी होती, आणि तीच डबी, तीच तोडलेली वायर ती परत जोडत होती.

मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही. तुला तरी कळायला पाहिजे होतं, हे मी नक्की बोलले. मोठ्यानं बोलले.

काकूनं हातातली वायर सोडली नाही. "रोज कवा येती लाईट, सांगतील का मला?" ती म्हणाली. "तेंला कुशीवर मी वळवून राहिली, तेंला पाणी मी पाजून राहिली. मोटारीवर मी कवा येऊ? तू सांग."

राग होता तसाच होता, उलट वाढलाच, पण आता तो काकूवर टाकता येत नव्हता. ज्याच्यावर टाकायचा ते मला समोर कुठंच दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त वायर. ती काकूनं नुसती पिळून लावली होती, ढिली होती, ठिणगी पडून स्टार्टर जळला असता. मी पर्समधून पेचकस काढला, वायरचं टोक सोलून नीट केलं आणि काकाचा ऑटो माझ्या हातानं घट्ट आवळून दिला.

काकू घाईघाईनं घराकडे निघाली, काका एकटा होता. मी गोदामाकडे वळले. थोडी पुढे गेले नसेन, तोच लाईट आली. मागे आमची मोटार उठली, पलीकडे केळीवाल्याची, त्याच्या पलीकडे उसवाल्याची. मी चालायचं सोडून गोदामाकडे पळायला लागले, आणि डीपीवर धाडकन आवाज झाला.